डाव्या पायाला काम नसलेली गाडी

कुसुमलताबाईंची गाडी बिघडली ही बातमी जळगावच्या दाणाबाजारात त्यांच्या आजारपणाच्या बातमीपेक्षा जास्त वेगानं पसरली असती, कारण गाडी तशीच होती. लांबलचक, पोपटी रंगाची, अमेरिकेहून आलेली, मागे दोन पंख असलेली. बाजारात तिला सगळे जहाज म्हणत. बाबूजींनी, म्हणजे कुसुमलताबाईंच्या वडिलांनी, ती धुळ्याच्या एका गिरणीमालकाकडून घेतली होती. घेतली कशासाठी, तर मिरवायला. हे ते स्वतःच कबूल करत, त्यामुळे त्यांना कोणी नावं ठेवू शकत नसे.

कुसुमलताबाईंचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेला. पट्ट्याचा बूट घालून त्या चालत, पण गुडघ्याखाली पायात जोर असा नव्हताच. लग्नाची चार ठिकाणी बोलणी झाली आणि चारही ठिकाणी पायाशी येऊन थांबली. पुढे त्यांनी तो विषय स्वतःच बंद केला आणि दुकानाच्या गादीवर बसू लागल्या. गाडी शिकण्याचं त्यांच्या डोक्यातही नव्हतं. ते खूळ पितांबर ड्रायव्हरचं. एकदा मेहरूण तलावाकडे गाडी उभी करून तो म्हणाला होता, की ताई, या गाडीत क्लच नाही, गिअर तिचे तीच बदलते, डाव्या पायाला इथं कामच नाही. तुम्ही बसून तर बघा. त्या बसल्या. संध्याकाळी घरी आल्या त्या स्टिअरिंगवरूनच, आणि बाबूजी ओट्यावर उभे राहून बघतच राहिले.

तेव्हापासून कुसुमलताबाई म्हणजे जहाज आणि जहाज म्हणजे कुसुमलताबाई. घरातली प्रत्येक मुलगी सासरी गेली ती याच गाडीतून, आणि गाडी चालवायला त्याच, घरातल्या पोरांच्या भुवाजी, म्हणजे आत्या. ओळखीपाळखीच्या लोकांना वरातीसाठीही गाडी मिळे, फुकट मिळे, फक्त एका अटीवर. चावी मिळायची नाही. ही अट बाबूजींची, आणि बाबूजी गेल्यावर भुवाजींनी ती बाबूजींपेक्षा कडक पाळली. गाडी न्यायची तर न्यूट्रलमध्ये टाकून, दोरखंडानं बांधून, ओढून न्यायची. गावातल्या वरातीत ट्रॅक्टर ओढे. भडगाव, धरणगाव असं लांबचं असलं की टेम्पोच्या मागे बांधून नेत. नवरदेवाला तरी कुठे इंजिन ऐकायचं असतं? बँडपुढे त्याला काही ऐकूच येत नाही. लोकांना या तऱ्हेचं हसू येई, पण फुकटच्या जहाजाला नावं कोण ठेवणार? उलट सगळे म्हणत, भुवाजी गाडी जपतात बुवा.

यंदा ती धुळ्याला एका लग्नाला जाऊन आली. आल्यावर भुवाजी देवळात जायला निघाल्या. इंजिन सुरू झालं, गिअरचा दांडा पुढे घेतला, गाडी घुर्र करून ओरडली आणि जागची हलली नाही. पुन्हा पाय दाबला. ओरडणं वाढलं, एवढंच.

भाचा अर्पित दुकान सांभाळत होता. माणूस व्यवहारी, भुवाजींवर जीव असलेला, आणि उपाय लगेच काढणारा. त्यानं एका दिवसात धुळ्याचा गॅरेजवाला गाठला. धुळेकर म्हणाला, असल्या गिअरबॉक्सला आता देवही हात लावणार नाही. काढून टाका, जीपचा गिअरबॉक्स बसवून देतो, क्लच बसवून देतो, खेड्यातला मेकॅनिकसुद्धा दुरुस्त करेल. मुंबईच्या एका माणसानं परदेशातून तसाच दुसरा गिअरबॉक्स मागवून देतो म्हटलं, पण तो कधी येईल आणि आत किती झिजलेला असेल हे तोही सांगेना. अर्पितला जीपचं पटलं. भुवाजींना तो म्हणाला, तुमच्यासाठी छोटी नवी ऑटोमॅटिक घेऊ, जहाज वरातीला राहू दे.

भुवाजींनी नवी गाडी शोरूममध्ये जाऊन चालवून पाहिली. आवडलीही. मग घरी येऊन त्या म्हणाल्या, "आधी हिच्या पोटात काय झालंय ते मला बघायचंय."

ही त्यांची खोडच होती. शिवणयंत्र बिघडलं तरी त्या आधी उघडून बघत, मग दुरुस्तीला देत. आणि इथं तर इतकी वर्षं मनात असलेला प्रश्न होता. त्यांच्या डाव्या पायाचं काम इतकी वर्षं करत होतं तरी कोण?

नशिराबादला हायवेच्या कडेला धनसिंगची शेड होती. धनसिंग मूळचा शिंदखेड्याकडचा, जेसीबीचा मेकॅनिक. जेसीबीलाही क्लच दाबायला लागत नाही, तिचा गिअरबॉक्सही तेलाच्या जोरावर चालतो, एवढ्या धाग्यावर भुवाजींनी त्याला शोधून काढलं. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं आणि सरळ सांगितलं, की असला गिअरचा डबा आपण कधी खोललेला नाही, पण खोलायची हौस आहे. भुवाजींना हा माणूस तिथंच आवडला. क्रेनवाल्याला बोलावून गाडी अख्खी ट्रकवर चढवून नशिराबादला नेली. धनसिंगनं तसंच सांगितलं होतं, आणि का ते भुवाजींनी तेव्हा विचारलं नाही.

शेडमध्ये त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली. तेल काढलं तेव्हा ते लाल असायला हवं होतं, निघालं काळं. वास असा, की भज्यांची कढई विसरून कोणी बाहेर गेलंय. भुवाजी खुर्ची पुढे ओढत ओढत पार गाडीला चिकटल्या. हे काय, ते कशाला, हे फिरलं की ते का फिरतं? धनसिंगला उत्तर येई तेव्हा तो देई, येत नसे तेव्हा दोघं मिळून भाग हातात फिरवून बघत.

इंजिनाला नुसत्या तेलानं चाकाशी जोडतात कसं, हे मात्र त्यांच्या गळी उतरेना. तेव्हा धनसिंगनं शेजारच्या चहावाल्याचा टेबलपंखा आणला, आपल्या पंख्यासमोर तोंडाला तोंड लावून ठेवला आणि एकच चालू केला. बंद पंख्याची पाती हळूहळू फिरायला लागली. वारा मधे असतो तसं इथं तेल, एवढंच तो म्हणाला. भुवाजी लहान मुलीसारख्या हसल्या. घरी जाऊन त्यांनी सुनेला, अर्पितच्या बायकोला, बोलावलं आणि दोन पंखे समोरासमोर मांडून तिलाही तो खेळ दाखवला.

पुढच्या खेपेला अर्पितही आला. डब्यातल्या गोल चकत्या बाहेर काढून धनसिंगनं फडक्यावर मांडल्या होत्या. सगळ्या करपलेल्या.

"आक्का, बठ्ठ्या प्लेटा जयी गयात," तो म्हणाला. "तेलच भेटेल नही इस्ले."

गाडी वर्षभरात फिरते ती किती, देवळापर्यंत आणि दुकानापर्यंत. मग तेल मिळालं नाही, म्हणजे कसं? भुवाजींनी विचारलं, तेल खेळवतं कोण? धनसिंगनं पुढचा पंप दाखवला. तो पंप कशावर फिरतो? इंजिनावर. आणि मागचा हा दांडा? चाकांवर.

भुवाजींनी पंप हातात घेतला. मग मागचा दांडा फिरवला. पंप मांडीवर तसाच पडून होता. त्यांनी पुन्हा एकदा दांडा फिरवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं कुतूहल एकदम उतरलं.

"म्हणजे इंजिन बंद ठेवून गाडी ओढली, तर चाकं फिरतील, आतलं सगळं फिरेल, आणि तेल मात्र जागेवर?"

धनसिंगनं मान डोलावली.

अर्पितनं लगेच धुळ्याच्या टेम्पोवाल्याला शिव्या घातल्या. असा पळवला असेल, तसा पळवला असेल. भुवाजींनी त्याला थांबवलं.

"त्याचा काय दोष? चावी मी ठेवली होती."

हायवेवरून केळीचे ट्रक जात होते. भुवाजींना फार वाईट वाटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही, पदरानं डोळे पुसले. इतकी वर्षं लोक म्हणत, भुवाजी गाडी जपतात. आणि जपण्याची तीच तऱ्हा गाडीला आतून जाळत होती. चावी दुसऱ्याला दिली की गाडी दुसऱ्याचीही होईल, हे भय बाबूजींचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं. सगळ्या घरात कोणालाही न येणारी एक गोष्ट त्यांना येत होती, आणि ती त्यांना वाटून घ्यायची नव्हती.

अर्पितनं मग हलक्या आवाजात आपलं म्हणणं मांडलं. झालं ते झालं. हा डबा आता बांधला तरी किती टिकेल कोण जाणे. धनसिंगनंही हमी द्यायला नकार दिला. जेसीबीच्या प्लेटा लेथवर उतरवून बसवता येतील, सील मुंबईहून येतील, बाकी मग गाडीचं नशीब. त्यापेक्षा जीपचा गिअरबॉक्स बरा, असं अर्पितचं म्हणणं, आणि त्यात खोट काही नव्हती.

भुवाजींनी सगळं ऐकून घेतलं. "जीपचा बसवला तर गाडी चालेल, हे मला कळतं," त्या म्हणाल्या. "पण मग ती तुम्ही सगळे चालवाल, आणि मी मागे बसेन. नवी गाडी दारात आली तरी या गाडीत मी मागेच बसेन. ते मला नकोय, अर्पित."

अर्पित त्यांच्या पट्ट्याच्या बुटाकडे बघत राहिला. लहानपणापासून त्यानं भुवाजींना स्टिअरिंगवरच पाहिलं होतं. क्लच बसवायचा म्हणजे तो दाबायचा कोणी, हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं धनसिंगला विचारलं, लेथवाला कुठं आहे.

लेथवाला भुसावळला निघाला. पहिल्या प्लेटा जाड झाल्या, दुसऱ्या बसल्या. गास्केट धनसिंगनं हातानं कापले. डबा एकदा बांधून पुन्हा खोलावा लागला, कारण एक स्प्रिंग फडक्याखालीच राहून गेली होती, आणि ती भुवाजींना सापडली. शेवटी लाल तेल भरलं, त्या चढून बसल्या, दांडा पुढे घेतला. गाडीनं जरा विचार केला आणि मग निघाली. रिव्हर्स मात्र आळशीच राहिला. दांडा मागे घेतल्यावर जांभई दिल्यासारखं काही क्षण थांबायचं, मग मागे सरकायचं. भुवाजी म्हणाल्या, मागे जायची घाई आहे कोणाला?

नवी छोटी गाडी अर्पितनं घेतलीच, बायकोसाठी.

लग्नसराई लागली तसं भडगावहून अर्पितच्या मित्राकडून वरातीसाठी बोलावणं आलं. टेम्पो पाठवतो, दोरखंड आमचा, असंही तो म्हणाला. भुवाजींनी कपाटातून चावी काढली आणि अर्पितला घेऊन मेहरूण तलावाकडे गेल्या. तिथं त्या उतरल्या, गाडीला वळसा घालून पलीकडच्या बाजूनं चढल्या, आणि चावी त्याच्या हातात ठेवली.

अर्पित कितीतरी वर्षं दुसऱ्या गाड्या चालवत आला होता, त्यामुळे तो ऐटीत बसला. गाडी निघाली. पहिल्या वळणाला सवयीनं त्याचा डावा पाय क्लच शोधायला गेला, सापडला तो रुंद ब्रेक, आणि त्यानं तो क्लचसारखा तळापर्यंत दाबला. जहाज जागच्या जागी खिळलं. भुवाजींचा चष्मा मांडीत पडला. दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही तेच. अर्पित घामाघूम झाला.

भुवाजींनी चष्मा उचलून पुसला आणि डोळ्यांवर चढवला. "डावा पाय आहे हेच विसर," त्या म्हणाल्या. "या गाडीत माझ्यासारखं बसावं लागतं."

अर्पितनं डावा पाय मागे ओढून सीटखाली दुमडला. मग दांडा पुढे घेतला, आणि गाडी तलावाच्या कडेनं सावकाश निघाली.