आठवी सही

त्या जिन्यावर घरं आठ. त्यातल्या सात घरांच्या सह्या प्रमोदिनीने होळीच्या आधीच गोळा केल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्या माथुरांनी तर कागद वाचलाही नाही. ‘भाभीजी, लिफ्ट तो लगनी ही चाहिए’ म्हणत त्यांनी दारातच पेन मागितलं. राहिली होती ती आठवी सही, तळमजल्यावरच्या अलकनंदाची. सोसायटीचा नियम असा, की जुन्या जिन्याला लिफ्ट लावायची तर आठही घरांची लेखी संमती हवी. एक घर नाही म्हणालं, की विषय संपला.

ही आठवी बाई परकी असती तर प्रमोदिनीने एकदा भांडून घेतलं असतं. पण दिल्लीतल्या मयूर विहारच्या त्या सोसायटीत, त्या जिन्यावर, मराठी घरं दोनच, एक सगळ्यात वरचं आणि एक सगळ्यात खालचं. एकोणनव्वद साली दोघी एकाच आठवड्यात राहायला आल्या. तेव्हापासून दिवाळीत ताटं खालीवर होत होती. लेकीला, उल्काला, कांजिण्या झाल्या तेव्हा नवरा विश्वनाथ सैन्यात, दूरच्या ठाण्यावर होता, आणि पंधरा दिवस जेवणाचा डबा तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर आला होता. अलकनंदा स्वतः घेऊन यायची. असल्या बाईच्या दारात कागद घेऊन तिसऱ्यांदा कसं उभं राहायचं?

पहिल्यांदा अलकनंदा म्हणाली, “यांना विचारते.” दुसऱ्यांदा म्हणाली, “यांचं अजून नक्की नाही ग.” तिच्या नवऱ्याने, श्यामकांतरावांनी, चाळीस वर्षांत कशाचं काही नक्की केलं नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

विश्वनाथचा डावा पाय दोन हजार सतरा साली मांडीतून कापला. त्याची सुरुवात फार जुनी. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात बर्फात टेलिफोनची तार टाकताना त्या पायाची तीन बोटं गेली होती. तो सिग्नल्समध्ये होता. तार टाकायची, तुटलेली जोडायची, हेच त्याचं लढणं. “आम्ही गोळ्या कमी झाडल्या, खांदे जास्त झिजवले,” असं तो सांगायचा. पंच्याण्णवला सुभेदार म्हणून निवृत्त झाला. पुढे मधुमेह झाला, त्या जुन्या पायाला जखम झाली, ती चिघळली. बाकीचं डॉक्टरांनी केलं.

तेव्हापासून दोन वर्षांत तो तीनदा खाली उतरला. तिन्ही वेळा इस्पितळासाठी, तिन्ही वेळा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, दोन गार्डांच्या हातांवर. तिसऱ्या खेपेला वळणावर एकाचा पाय सरकला आणि खुर्ची भिंतीवर आदळली. वर आल्यावर विश्वनाथ म्हणाला, “आता बास. यापुढे मी आडवाच उतरेन.” उद्यापासून दूध अर्धा लिटर घे म्हणावं, तसं.

त्यानंतर सकाळी तो बाल्कनीत बसायचा. खाली जांभळाखालच्या बाकांवर निवृत्त मंडळी पेपर वाचायची, सरकार कुणी कसं चालवावं ते एकमेकांना समजावायची. तो वरून ऐकायचा, आणि कधीकधी वरूनच चूक दुरुस्त करायचा. पण तीन मजल्यांवरून वाद घालता येत नाही. हळूहळू त्याने बोलणं सोडलं. मग पेपरही आतच वाचू लागला.

उल्का नोएडाला होती, अकराव्या मजल्यावर, लिफ्टच्या घरात. पण दोन खोल्यांत सासू-सासरे, आणि सासरे अंथरुणाला खिळलेले. ती दर रविवारी यायची, रडवेली होऊन जायची. तळमजल्यावर भाड्याने घर पाहायला प्रमोदिनी दोन महिने हिंडली. म्हातारा, त्यात पाय नसलेला भाडेकरू म्हटल्यावर लोकांची घरं एकाएकी आधीच गेलेली असायची.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात अलकनंदा धापा टाकत वर आली. पाणी प्यायली. मग म्हणाली, “पंधरा ऑगस्टला भाऊजींचा सत्कार करायचं ठरलंय कमिटीत. मीच नाव सुचवलं. सगळे म्हणाले, बिल्कुल.”

“सत्कार कशाचा?” विश्वनाथने आतून विचारलं.

“अहो, एकाहत्तरच्या लढाईत होता ना तुम्ही?”

“तेव्हा सोसायटीही नव्हती आणि कमिटीही नव्हती. आता एकदम कशी आठवण झाली?”

“भाऊजी, तुम्ही म्हणजे ना.” अलकनंदा हसली. मग प्रमोदिनीकडे वळून म्हणाली, “तुझाही करायचाय. जोडीनं. त्यांनी देशासाठी केलं, तू त्यांच्यासाठी केलंस.”

ती गेल्यावर प्रमोदिनी बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. जी बाई आपणहून सत्काराला नाव सुचवते, ती सहीला नाही कशी म्हणेल? म्हणायचं असतं तर जिना चढून आली असती का? दार किलकिलं झालंय, आता आपण नुसतं ढकलायचं, असं तिला वाटलं. आणि इथेच तिची चूक झाली. मान देणं आणि जागा देणं या आपल्या लोकांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सदुसष्ट वर्षांच्या बाईला कळायला हवं होतं.

विश्वनाथ तयार होईना. “मला मिरवू नका.”

“माझ्यासाठी उतरा,” ती म्हणाली. “एकदा बघू दे सगळ्यांना, तुम्हाला खाली आणायला किती माणसं लागतात ते.”

“म्हणजे मी नमुना.”

“हो.”

त्याने हातातला पेपर मिटला. मग म्हणाला, “काळा कोट इस्त्रीला दे.”

पंधरा ऑगस्टला चार माणसांनी त्याला उतरवलं. दोन गार्ड, माथुरांचा जावई आणि एक माळी. खुर्ची या वेळी लाकडी, हातांची. ती अलकनंदाने आपल्या दिवाणखान्यातून पाठवली होती. प्रमोदिनी पुढून उलटी उतरत होती, एक हात कठड्यावर, एक हात हवेत. तिच्या हाताने काही थांबणार नव्हतं, तरी तो हवेत होता. तिच्या पर्समध्ये कागद चार घड्या करून ठेवला होता.

खाली आल्यावर विश्वनाथने पहिल्यांदा मान मागे टाकून आपल्या बाल्कनीकडे पाहिलं. “बरीच वर आहे की,” तो म्हणाला.

झेंडा झाला, लाडू झाले. अध्यक्षांनी त्याला ‘मेजर साहब’ म्हणून पुकारलं. विश्वनाथ म्हणाला, “सूबेदार.” अध्यक्ष म्हणाले, “जी, मेजर साहब,” आणि पुढे बोलत राहिले. भाषणात त्यांनी त्याच्या हातून शत्रूचे दोन रणगाडे उडवले. विश्वनाथने दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग शाल, श्रीफळ, आणि पितळेचं स्मृतिचिन्ह. शाल अलकनंदाने घातली, नीट, दोन्ही खांद्यांवर सारखी.

मग अध्यक्ष प्रमोदिनीच्या त्यागाबद्दल बोलले. ती ऐकत होती आणि तिला आर. के. पुरमचं ते सरकारी क्वार्टर आठवत होतं. ऑफिसात ती टंकलेखक म्हणून लागली. पुढे बढती आली ती नागपूरच्या बदलीसकट, आणि नेमकी त्याच वर्षी विश्वनाथची बदली दिल्लीला झाली होती. सात वर्षांनी घर एका जागी येणार म्हणून तिने बढती नाकारली. आठ महिन्यांत त्याला पुन्हा सीमेवर पाठवलं. बढती दुसऱ्या बाईला मिळालेली होती. ती बाई पुढे अधिकारी म्हणून निवृत्त झाली, प्रमोदिनी वरिष्ठ कारकून म्हणून. याला त्याग म्हणतात हे तिला आज कळत होतं. तेव्हा ती नुसती खूप चिडली होती, आणि चिडायला घरात कुणी नव्हतं.

“भाभीजी, दो शब्द.”

माइक हातात आला. समोर पहिल्या रांगेत अलकनंदा, हिरव्या इरकलीत, सकाळपासून राबून घामेजलेली. हीच वेळ होती. चार वाक्यं पुरली असती. इतक्या लोकांसमोर तिला नाही म्हणता आलं नसतं. प्रमोदिनीने पर्सची साखळी चाचपली. आणि तिच्या मनात आलं, इथे सगळी पंजाबी, बिहारी, बंगाली मंडळी. त्यांच्यादेखत आपल्या जिन्यावरच्या दोन मराठी घरांतलं उघडं करायचं? तीस वर्षं जी बाई मला नावाने हाक मारते, तिला माइकवरून कोंडीत पकडायचं?

“आप सबका बहुत धन्यवाद,” ती म्हणाली, आणि माइक परत दिला.

कार्यक्रम संपला. विश्वनाथला वर न्यायला गार्ड आले, तर तो म्हणाला, “थोडं बसू दे.” जांभळाखाली तो पेपर मंडळींत जाऊन बसला. म्हणजे खुर्ची नेऊन ठेवली. तासाभरात त्याने दोघांशी वाद घातला, एकाला खोटं पाडलं. प्रमोदिनी दूर उभी राहून बघत होती. दोन वर्षांत तो एवढा एका दमात बोलला नव्हता. कागदावर सही झाली तर हे रोज होईल, रोज सकाळी.

एक वाजता मंडळी जेवायला गेली. गार्डांची पाळी बदलली होती, माळी निघून गेला होता. आणि विश्वनाथने तिला खुणेने जवळ बोलावलं. “मला जायला हवंय,” तो हळूच म्हणाला. “लवकर.”

वर जाणं शक्य नव्हतं. जिन्याच्या तोंडाशी अलकनंदाचं दार उघडंच होतं. प्रमोदिनी काही बोलायच्या आत अलकनंदा बाहेर आली, श्यामकांतरावांना हाक मारली, दोघांनी खुर्ची ओढत आत नेली. श्यामकांतराव विश्वनाथला धरून न्हाणीघरात घेऊन गेले. काही वेळ लागला. आतून श्यामकांतरावांचा आवाज येत होता, “राहू दे, राहू दे हो, मी पुसतो.” बाहेर दोघी बायका एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या.

मग अलकनंदा चहा टाकायला गेली, आणि प्रमोदिनी मागोमाग.

“अलकनंदा,” ती म्हणाली, “तू बघतेस ना. मला आणखी काही सांगायचं नाही. तेवढी सही कर.”

अलकनंदाने गॅस बारीक केला. “ही खिडकी बघ,” ती म्हणाली.

स्वयंपाकघराला खिडकी एकच होती. तिच्यातून दुपारचं ऊन ओट्यावर, कुकरवर, देवाच्या लहान फळीवर पडलं होतं. बाकी भिंती आंधळ्या. लिफ्टचा लोखंडी सांगाडा जिथे उभा राहणार होता, ती जागा खिडकीच्या बरोबर बाहेर होती. हात लांब केला असता तर लागला असता.

“मी दिवसभर इथेच असते ग,” अलकनंदा म्हणाली. “यांचा दमा. ही बंद झाली की दिवसासुद्धा दिवा लावून बसायचं आम्ही, मरेपर्यंत. आमचा जयंत म्हणतो, आई, तू सही केलीस तर पुढे माझ्याकडे तक्रार करू नकोस. मला आज तुझ्या नवऱ्याची शाल घालताना लाज वाटली, खरं सांगते. पण सही नाही होणार माझ्याने.”

“मग सत्कार कशाला केलास?”

“मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?” अलकनंदा म्हणाली. “भाऊजींना लागेल तेव्हा आण इथे. माझं दार आहे.”

“आणू कसं?”

दूध वर आलं, अलकनंदाने फुंकर मारली.

चहा झाला. निघताना अलकनंदाने कुंकवाचा करंडा आणला. “सवाष्ण घरी आलीस, तशी जाऊ नकोस.” प्रमोदिनीला नको म्हणायचं होतं. पण ओटी नाकारायची नसते. तिने पदर पसरला. तांदूळ पडले, सुपारी, हळकुंड, वर नारळ. दोन्ही हातांनी पदर धरून ती उभी राहिली, पर्स खांद्यावरून घसरून कोपरात आली होती. खाली वाकून नमस्कार करावा अशी रीत होती, आणि दोघी एका वयाच्या, म्हणून दोघींनी अर्धवट वाकून ती उरकली. संमतीचा विषय तिथे संपला.

तीन वाजता दोन माणसं मिळाली, नवा गार्ड आणि माथुरांचा जावई. पहिला मजला झाला. दुसरा झाला. त्याच्या वरच्या वळणावर जावयाच्या पाठीत उसण भरली. त्यांनी खुर्ची वळणावरच्या चौकोनात टेकवली. तेवढ्यात फाटकातून गार्डला हाक आली, पाण्याचा टँकर आला होता. “दस मिनट, अंकल,” म्हणत तो उतरला. जावई पाठ धरून खाली घरात गेला तो गेलाच.

विश्वनाथ शाल गुंडाळून जिन्याच्या मध्यावर बसला होता. ऊन नव्हतं, वाराही नव्हता.

“किती राहिल्या?” त्याने विचारलं.

“नऊ.”

“काय म्हणाली ती?”

प्रमोदिनी पायरीवर बसली. पदरातला नारळ मांडीवर धरून तिने सांगितलं. खिडकीचंही सांगितलं.

त्याने शालीचं टोक मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाला, “खिडकी तर आहे तिथे. मी पाहिली.”

खालून पावलं वाजली. सौ. माथुर बाजारातून येत होत्या. त्यांना वाटलं, दोघं दम खायला थांबलेत. “अरे वाह, भाईसाहब, बधाई हो,” त्या म्हणाल्या आणि फोन काढला. “एक फोटो, ग्रुप में डालती हूँ.”

विश्वनाथने सवयीने छाती ताठ केली, शाल सारखी केली. फोटोत आपण येऊ नये म्हणून प्रमोदिनी आणखी एक पायरी वर सरकली. पण जिना अरुंद होता, आणि तिचे गुडघे फोटोत आलेच.