अंगावर घेतलेली चाल

या सदरातले अनुभव मी वर्षानुवर्षं वाचत आले आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसत आले. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... माझा प्रश्न एकच असायचा — त्या बाईचा गुडघा नीट वाकत होता का? मी फिजिओथेरपिस्ट. माणूस चालतो तो हाडं, स्नायू आणि नसा यांच्या जोरावर. त्यातलं काही बिघडलं की चाल बिघडते. यापलीकडे चौथं कारण नसतं असं मी विद्यार्थ्यांना ठासून सांगायचे. त्यामुळे पुढचं लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे, पण लिहिते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात, नागपूर. रुग्णालयाचं नाव मुद्दाम देत नाही. तळमजल्यावर आमचा विभाग होता. बाहेर लांब व्हरांडा, खाली शहाबादी फरशी, तिच्यावर आम्ही पांढऱ्या रंगाने आखलेली सरळ रेघ आणि रेघेच्या टोकाला माणूसभर उंचीचा आरसा. याच रेघेवर मी पेशंटना चालवायचे. फिजिओथेरपीत डॉक्टरेट करायची म्हटलं की तेव्हा लोक तोंडाकडे बघायचे. ‘मालिशमध्ये पीएच.डी.?’ असं आमच्या नात्यातल्या एका काकांनी भर पंगतीत विचारलं होतं. मी शरीररचनाशास्त्राच्या एका प्राध्यापकांकडे नोंदणी केली होती. विषय — बिघडलेल्या चाली आणि त्यांची कारणं. नोकरी, संसार, सहा वर्षांची चिनू आणि थिसिस, अशी माझी तारेवरची कसरत चालली होती. ती पदवी मला हवी होती. अगदी हट्टाने हवी होती.

माझी एक पद्धत होती. पेशंटची चाल नुसती पाहायची नाही, स्वतः तशी चालून पाहायची. खांदा कुठे पडतो, भार कुठे येतो, कुठला स्नायू दुसऱ्याचं काम करतो, हे डोळ्यांपेक्षा स्वतःच्या अंगाला आधी कळतं. याला मी ‘चाल अंगावर घेणं’ म्हणायचे. विद्यार्थीही तेच करायचे. लहानपणी कुणा लंगड्या माणसाची नक्कल केली की आई पाठीत धपाटा घालायची आणि ‘तशीच होशील’ म्हणायची. आता त्याच नकलेवर मी डॉक्टरेट करतेय, असं मी तिला चिडवायचे.

मे महिना होता. खिडकीला वाळ्याच्या ताट्या, तरी विभागात भट्टी पेटलेली. अशा दुपारी हाडांच्या डॉक्टरांनी किसनभाऊंना माझ्याकडे पाठवलं. पंचेचाळिशीचा काटकुळा माणूस. भंडाऱ्याकडच्या एका खडी गंमतच्या मंडळात सोंगाड्या. गावोगाव उभ्या-उभ्या नकला करून लोकांना हसवणं हाच धंदा. बाकावर बसल्या-बसल्या त्यांनी आमच्या नलिनीची, म्हणजे माझ्या सहकारी फिजिओथेरपिस्टची, अशी हुबेहूब नक्कल केली की तिलाही हसू आवरेना.

पण ते उठून चालायला लागले आणि आमचं हसू थांबलं. उजव्या पायावर भार आला की सगळं धड उजवीकडे कलायचं. इतकं तर रोजचंच. पुढचं मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. पुढे टाकलेलं डावं पाऊल जमिनीला लागण्याआधी हवेत थांबायचं. खाली जमीन आहे की नाही याची चाचपणी करावी तसं. मग हळूच टेकायचं.

टेबलावर झोपवून मी प्रत्येक स्नायू तपासला. ताकद पुरेपूर. एक्स-रे स्वच्छ. नसा ठीक. कारणच नव्हतं! सरांना सांगितलं तर सर खुर्चीतून उठलेच. “हे कारण शोधलंस तर तुझा थिसिस लोक बाहेरून मागवतील,” म्हणाले. मी हवेत.

“कशी सुरू झाली ही चाल?” मी किसनभाऊंना विचारलं.

“असंच झालं मॅडम,” ते खाली बघत म्हणाले. “पयले लोक हासत होते. आता राजा झालो तरी लंगडतो, परधान झालो तरी लंगडतो. कोणी हासत नाही. मंडळवाले म्हणते, दिवाळीपासून येऊ नको.”

पुढच्या खेपेला मी त्यांची चाल अंगावर घ्यायचं ठरवलं. नलिनी आत एका आजोबांचा खांदा शेकत होती. किसनभाऊ बाकावर, मी रेघेवर. आरशात बघत दोन-चार पावलं टाकली. मला वाटलं, ते हसतील. ते हसले नाहीत. पुढे सरकून बसले.

“तसं नाही मॅडम. खांदा अजून पाडा.”

मी पाडला.

“पाय थांबवून नका राहू. त्याले थांबू द्या.”

त्यांचा आवाज बदलला होता. गंमत पार गेली होती त्यातून. मला ते खटकलं, पण माझ्यातली संशोधक खूश होती — स्वतः पेशंट आपली चाल समजावून देतोय, आणखी काय पाहिजे? मी परत फिरले, परत चालले. ते एकेक चूक काढत गेले. कपाळावरून घाम ओघळत होता त्यांच्या. आणि एका पावलाला... डावा पाय मी खाली टेकवायला निघाले आणि तो हवेतच राहिला. मी थांबवला नव्हता. एक क्षण मला खरोखरच खाली फरशी आहे की नाही ते कळेना. मग पाऊल टेकलं.

“हां,” किसनभाऊ म्हणाले. “आता झाली.”

ते उठले. रेघेवरून सरळ चालत आरशापर्यंत गेले. एकदम सरळ! आरशाला हात टेकून ते ओक्साबोक्शी रडायला लागले. मी थक्क होऊन बघत होते. निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, “मॅडम, घरी लहान लेकरू हाय का?”

“मुलगी आहे. का?”

त्यांचा चेहरा पडला. “मंग तिच्यासमोर जास्त चालू नका,” एवढं बोलून ते गेले. त्यांना गाठायला मी रिक्षा स्टँडकडे निघाले आणि पाहते तर मीच लंगडत होते.

त्यानंतरचे दिवस मी विसरू शकत नाही. आधी मला वाटलं, मनाचे खेळ. इतका वेळ नक्कल केली, अंगात बसली, जाईल. नाही गेली. नलिनीने मला टेबलावर झोपवून तपासलं. ताकद पुरेपूर.

“काय वं शोभा, नाटक करून राहिली का?”

“नलू, देवाशपथ नाही गं.”

ती आत जाऊन पाणी घेऊन आली. सर म्हणाले, कामाचा ताण आहे, रजा घे. मी रजा घेतली आणि घरी कपाटाच्या आरशासमोर मला येत होते नव्हते तेवढे सगळे व्यायाम केले. दुसऱ्यांचे पाय सरळ करण्यात माझं आयुष्य गेलं, पण स्वतःचा पाय माझं ऐकेना.

किसनभाऊंच्या त्या वाक्याचा मला संताप यायचा. असलं काही मानायचं नाही म्हणून मी मुद्दाम घरभर चालायचे आणि चिनू आली की पटकन खाली बसायचे. दोन्ही मीच करत होते. नवऱ्याच्या लक्षात आलं. “तू तिच्यापासून काहून लपून राहिली?” त्याने विचारलं. मी त्याच्यावर उगीचच खेकसले.

मग ती दुपार आली. नवरा ऑफिसात. मी स्वयंपाकघरात पन्ह्यासाठी कैऱ्या उकडत होते. हॉलमध्ये कूलरच्या घरघरीत चिनू आणि शेजारची पोरगी घर-घर खेळत होत्या. शेजारची पोरगी खदाखदा हसायला लागली, म्हणून मी डोकावले. चिनूने माझी ओढणी साडीसारखी गुंडाळली होती, खांद्याला माझी पर्स लावली होती आणि ती आई होऊन दवाखान्यात निघाली होती. उजवीकडे कलत, एक-एक पाऊल टाकत...

पाऊल थांबत नव्हतं. तेवढं तिला जमलं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच तिने आरशात पाहिलं, नाक मुरडलं आणि पुन्हा चालून पाहिलं. पोरगी चूक सुधारत होती!

“चिनू!” मी किंचाळले आणि धावले. हॉल ओलांडून तिच्यापर्यंत पोचले आणि तेव्हा कळलं, मी सरळ धावत आले होते. दोन्ही पाय धडधडीत जमिनीवर. इतकं चांगलं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. आणि मग मी चिनूच्या पायांकडे पाहिलं.

चिनू अजून हसत होती. तिने एक पाऊल उचललं.

“आई, बघ ना,” ती म्हणाली. “पाय खाली जातच नाही.”

शेजारची पोरगी घाबरून घरी पळाली. चिनूचं हसू हळूहळू रडण्याकडे झुकलं. मी तिला चालवून पाहिलं. तीच चाल. सहा वर्षांच्या अंगात, तिच्या आखूड पायांत, पण तीच. आणि मी तिच्याशेजारी खांबासारखी सरळ उभी.

मी काय मानते आणि काय नाही, हा प्रश्न तेव्हा उरलाच नाही. मी तिच्या मागोमाग चालायला लागले. कलले, थांबले, टेकले. काही नाही. पुन्हा. काही नाही. मला ती चाल पाठ होती, पण मी माझीच जुनी चाल चालत होते. मला तिची हवी होती. शेवटी मी तिचा हात धरला आणि तिच्या पावलात पाऊल टाकून हॉलमधून फिरायला लागले. ती हुंदके देत होती, तिच्या अंगाचा प्रत्येक हिसका माझ्या हातात येत होता. “चाल बाळा,” मी म्हणत राहिले, “थोडं अजून चाल.” ती थकली, मी तिला बसू दिलं नाही. आईने असं करावं का, माहीत नाही. स्वयंपाकघरात कैऱ्यांचं पाणी आटून जळका वास सुटला तरी आम्ही चालतच होतो.

आणि माझा डावा पाय हवेत थांबला.

खाली जमीन आहे की नाही ते कळेना. आयुष्यात कुठल्याही गोष्टीचा मला इतका आनंद झालेला नाही. पाऊल टेकलं. चिनूने माझा हात सोडला, दोन उड्या मारून पाहिल्या आणि “गेलं!” म्हणून ओरडत अंगणात पळाली. मी तिथेच खाली बसून रडले.

त्यानंतर मी थिसिस सोडला. सर खूप चिडले. त्यांना माझी चाल कॅमेऱ्यावर घ्यायची होती, परीक्षकांसमोर, विद्यार्थ्यांसमोर मला चालवायचं होतं. विद्यार्थ्यांना तर मीच शिकवलं होतं की आधी चालून पाहा. वीस-बावीस वर्षांची पोरं ती, कुणीतरी चालून पाहिलंच असतं. खरं कारण मी सरांना कधी सांगितलं नाही. शिकवणंही सोडलं आणि धंतोलीतल्या एका लहान क्लिनिकमध्ये खांदे आणि माना बघत राहिले. त्या पदवीची हळहळ आजही वाटते, खोटं कशाला बोलू.

किसनभाऊ पुढे एकदा घरी आले, संत्र्यांची करंडी घेऊन. मी दार उघडायला कशी आले ते त्यांनी पाहिलं. मी त्यांना वाट्टेल ते बोलले.

“जत्रेत एका माणसाची नक्कल केली होती मॅडम,” मग ते म्हणाले. “तो मले पुन्हा कर, पुन्हा कर म्हणत होता. मले वाटलं, आवडून राहिली त्याले.” करंडी उंबऱ्यावर ठेवत म्हणाले, “माह्या घरी नातू हाय. तो माही चाल शिकून राहिला होता.”

मी करंडी आत घेतली.

तीस वर्षं होत आली. अनेक डॉक्टरांना दाखवलं, मशिनं नवीन आली, फोटो नवीन निघाले. सगळे म्हणतात, पायात दोष नाही. जत्रेतला तो माणूस कोण, त्याला ही चाल कुणाकडून आली, मला माहीत नाही. माझ्याकडे कसलंही स्पष्टीकरण नाही. ही चाल माझ्याबरोबरच संपावी एवढंच मी मागते.

चिनूला त्या दुपारचं काही आठवत नाही; ती मोठी होईपर्यंत मी तिच्यासमोर शक्यतो चाललेच नाही. सध्या ती माहेरी आली आहे, तिची मुलगी घेऊन. नात वर्षाची होईल. कालपासून भिंतीला धरून उभी राहते, आणि जो कुणी समोरून चालत जाईल त्याच्या पायांकडे टक लावून बघते.

“आई, तू तिला घ्यायला उठत का नाहीस गं?” लेक सकाळी रागावून म्हणाली. “आल्यापासून बघतेय, नुसती खुर्चीत बसून असतेस. तिला आजीचा लळा कसा लागणार?”

गुडघे दुखतात, असं मी म्हणाले. नात माझ्याकडे बघून दोन्ही हात पसरत होती. मी बसूनच राहिले.