ओलं पान

माहीमच्या आमच्या वाडीत पाहुणा आला की सासरे नागवेलीचं पान खुडत, धोतराला पुसत आणि तिथंच त्याच्या हातावर ठेवत. धुतलेलं पान देणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. “पान्यानं चव जाते,” म्हणत.

एका पावसाळ्यात त्यांचं डोकं ठणकायला लागलं, मान वळेना. डॉक्टरांना जंताचा संशय आला. उंदराच्या लेंडीतून जंताची पिल्लं बाहेर पडतात, ती गोगलगायीच्या पोटात जातात आणि पानाला चिकटलेली बारीक गोगलगाय माणसाने नकळत चावली की जंत थेट डोक्यात शिरतो.

“जन्मभर खातोय, कदी काय झालं नाय!” सासरे चिडले.

“आता झालंय ना!” मी म्हटलं, आणि वाडीत पाण्याची बादली नेऊन ठेवली.

हळूहळू ते बरे झाले. पण बादलीकडे ढुंकून बघेनात. दिवाळीत माझे वडील आले. व्याह्यांचा मान मोठा. सासऱ्यांनी पान खुडलं, धोतरापर्यंत नेलं आणि थांबले. मग बादलीपाशी बसून दोन्ही बाजूंनी चोळून धुतलं.

“रागावू नका व्याही, ओलं देतोय. तुमी आमाला हवे हाव.”

वडिलांनी पाणी झटकलंसुद्धा नाही. तसंच पान तोंडात घातलं.