सपाटीवरची स्लेज

आज गॅरेज उघडलं आणि मेणाचा वास आला. शेजारचे वॉल्टरकाका गेल्यावर त्यांच्या मुलीने त्यांची स्लेज, बर्फावरची घसरगाडी, आम्हाला दिली. तिच्या खालच्या घसरपट्ट्यांना त्यांनी चोळलेलं मेण अजून तसंच आहे.

तरुणपणी काका बर्फाच्या उतारावरून स्लेज घसरवण्याच्या खेळातले विजेते होते, या देशात तो फारसा कुणाला माहीतही नव्हता तेव्हाचे. शॉमबर्गमधल्या आमच्या घरामागच्या टेकाडावर ते माझ्या मुलीला, इराला, शिकवायचे: उताणं झोपायचं, पोटऱ्यांनी दाबून वळवायचं. पण पाय लागला की इरा स्लेजला नमस्कार करायची.

"अगं, ही पायांनीच चालते. किती वेळा माफी मागशील?"

"सॉरी काका, हॅबिट आहे."

एका दुपारी त्यांनी मला हळूच विचारलं, "मी जाऊ का खाली? एकदाच."

वय ब्याऐंशी, खुब्याचं ऑपरेशन झालेलं. मी स्लेजचा दोर घट्ट धरला. "नको काका. तुमच्या मुलीला मी काय सांगू?"

ते हसले. मग टेकाडाच्या माथ्यावर, सपाट बर्फातच, स्लेजवर उताणे झोपले आणि त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांचा डावा खांदा किंचित दबला, मग उजवी पोटरी. कुठला तरी जुना उतार ते वळणावळणाने उतरत होते.

तेव्हा वाटलं, मी त्यांना जपलं. तो हिवाळा सरला आणि वसंतात न्यूमोनियाने ते अंथरुणातच गेले. आता मला एवढंच दिसतं, की त्यांची सगळी वळणं संपेपर्यंत तो दोर माझ्या मुठीत होता.