परक्या रानात शिरण्याआधी

विमान शिकवणाऱ्या गुरुजींनी पत्र द्यायला नकार दिला, तेव्हापासून माझ्या मनात राग साचला होता. घुग्घुसला ट्रकवर क्लीनर म्हणून लागलो, स्वतःच्या हिमतीवर ट्रकमालक झालो आणि पन्नाशीत चंद्रपूरजवळच्या धावपट्टीवर छोटं विमान उडवायला शिकलो. आता न्यूझीलंडच्या डोंगरांत एकट्याने उडायचं होतं. तिथले विमान भाड्याने देणारे लोक म्हणत होते, आधी आमचा वैमानिक सोबत घ्या. महिनाभर मी त्यांच्याशी घासाघीस केली. हा एकटा उडू शकतो, एवढंच गुरुजींनी लिहून द्यायचं होतं. ते म्हणाले, "भाऊ, तुमी हवेसंगही भाव करता." चार लोकांसमोर म्हणाले. ते फार लागलं.

त्याच रागात आरमोरीकडे निघालो. जंगलात टायर फुटला, स्टेपनीतही हवा नव्हती. मोबाईलवर पाहिलं, तर रानातल्या पायवाटेने गाव जवळच होतं. वाटेच्या तोंडाशी वाघोबाचं ठाणं होतं. तिथे एक म्हातारी बाई मोहफुलांची टोपली घेऊन बसली होती.

"एकटं नोका जाऊ, भाऊ."

मी म्हटलं, "वाट दिसते ना मोबाईलवर."

"वाट दिसते. वाघ दिसते काय?"

मी चिडून विचारलं, मग तुमी काऊन बसल्या? तिचं सारं आयुष्य रानात गेलं असावं, हे तिच्या पायांवरूनच कळत होतं. ती शांतपणे म्हणाली, "मी इकडची नाई. इथल्या माणसाची वाट पाहून राह्यली."

का कोण जाणे, मी खाली बसलो. बऱ्याच वेळाने गावातला एक माणूस आला. त्याने वाघोबापुढे हिरवी डहाळी ठेवली, आम्हालाही ठेवायला लावली आणि लांबच्या वाटेने नेलं. मोबाईलमधली वाट जिथे नाला ओलांडत होती, तिथे चिखलात वाघाची ताजी पावलं होती. त्याने ती दुरूनच दाखवली. गावात पोहोचल्यावर पंक्चरवाल्याची चौकशी करून वळलो, तर ती निघून गेली होती.

ती माझ्यासाठी तिथे होती, की रोजच बसत होती? मला आजही कळत नाही. घरी येऊन न्यूझीलंडला कळवलं, तुमचा माणूस सोबत चालेल.

तिथे पोहोचल्यावर तिथल्या वैमानिक बाईंनी माझा नकाशा पाहिला. दरीच्या बरोबर मधून मी रेघ ओढली होती. सपाट मुलखात शिकलेला माणूस तशीच ओढणार. त्यांनी ती खोडली आणि उजव्या उताराला लागून नवी काढली. म्हणाल्या, मधून गेलात तर माघारी वळायला जागा उरत नाही.

गुरुजींवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. पण उड्डाणाच्या सकाळी विमानाजवळ गवताची एक हिरवी काडी ठेवली, हात जोडले आणि उभा राहिलो. हट्ट सोडायची बुद्धी ज्याने दिली, त्याचं नाव मला माहीत नाही, ऋण माहीत आहे. वैमानिक बाई आल्या. त्यांनी विचारलं, आत का बसला नाहीत, कोणाची वाट पाहताय?

मी म्हटलं, "तुमचीच."