कोल्ड स्टोरेजमध्ये घातलेलं गाऱ्हाणं

मंडळींनो, दुपारपासून मंडळाच्या फळ्यासाठी हे लिहायचं टाळतोय. लाज वाटते यार.

रविवारी आपण भाड्याच्या व्हिडिओवर बर्फात अडकलेल्या माणसाचा सिनेमा बघणार ना? मला आधीच थंडी चाखून बघायची होती. आपला दिन्या अंधेरीत मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला आहे. "बस आत, हिरो!" म्हणाला, बाहेरून कडी घातली आणि चहाला गेला तो गेलाच.

थोड्या वेळाने बोटं बधिर झाली. दार ठोकलं, "वाचवा, वाचवा" ओरडलो. कुणी येईना. मग वाट लागली म्हणून रडत गावच्या देवाला मालवणीत गाऱ्हाणंच घातलं, "बा देवा म्हाराजा, माका भायर काढ रे म्हाराजा!"

बाहेरून आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

कडी निघाली. समोर एक मालवणी हमाल. म्हणाला, "वाचवा आयकान वाटला, पोरा मस्करी करतत. पण गाऱ्हाण्याक व्हय म्हणूकच व्हया!"

सिनेमातला हिरो म्हणे एकटाच तग धरतो. मला नाही जमलं. तुम्ही कुणाला हाक मारली असती?

थांबा, दारात बाबा आलेत. मी घर सोडल्यापासून माझ्याशी बोलत नव्हते. दिन्याकडून कळलं असणार, हातात माझा जुना स्वेटर आहे.