करडू, बारव आणि पाण्याचा मजला

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली आणि हातात पेनापेक्षा विळाच जास्त राहिला. हे कोणी वाचावं म्हणून लिहीत नाही. पण मोबाईलवरचा एक खेळ आमच्या घरात पूर्ण झाला, तेव्हा त्या मोबाईलनंच विचारलं, खेळ कसा वाटला ते सांगा. माझ्या जावेनं पाच चांदण्या दाबल्या, ‘मस्त’ लिहिलं आणि मोबाईल बाजूला ठेवला. मला सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मला कोणी विचारलं नाही.

जाऊ म्हणजे धाकट्या दिराची बायको. मलकापूरची, बारावी शिकलेली, लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. आमचा मोताळ्याकडं ओलिताचा तुकडा आहे, त्यात मिरची, वांगी, मेथी. ती शेतात येत नाही असं नाही. पण आली की सासूबाई तिला निंबाखाली मिरच्या निवडायला बसवतात. मी नवी असताना मला कोणी सावलीत बसवलं नव्हतं. तेही मी चालवून घेतलं असतं. पण माझी मुलगी, तिसरीतली, शाळेतून आली की दप्तर माझ्यापुढं टाकायची आणि ओट्यावर काकूला चिकटून बसायची. दोघींची डोकी एका मोबाईलवर. एक दिवस वेणी घालायला बोलावलं तर म्हणाली, “काकू घालते. ते तुह्यासारखी वढत नाही.”

त्या दिवशी मी ठरवलं, हा खेळ आहे तरी काय ते बघायचं.

मेथी निवडायचं निमित्त करून मी त्यांच्या मागं बसायला लागले. एक पांढरं करडू जुन्या खोल बारवेत पडलेलं असतं. त्याला मजल्यामजल्यानं वर न्यायचं. कुठं दगड ढकलून त्यावर चढायचं, कुठं चाक फिरवून दार उघडायचं, कुठं तुटक्या कठड्यावरून उडी मारायची. नुसती उडी कामाची नाही, आधी डोकं चालवावं लागतं. दगड चुकीच्या कोपऱ्यात गेला की पुढची वाट बंद.

खेळ चांगला आहे, हे मला मान्य करावंच लागेल. त्यात वाचायला एक अक्षर नाही. काय करायचं ते करडूच मान वळवून दाखवतं, त्यामुळं चौथीवालीलाही कळतं. पडलं तर ते त्याच कठड्यावर परत उभं राहतं, पहिल्यापासून चढावं लागत नाही. खेळ घाई करत नाही. कितीही चुका, कोणी बोलत नाही. जावेच्या हातात इतकी चांगली वस्तू असावी, हेच मला सहन होत नव्हतं.

एका दुपारी लाज सोडून म्हणाले, “मले देतं का जरासक?”

“हाव, घ्या ना बाई!” तिनं लगेच दिला. नाही म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग दोष कळले. बटणं बोराच्या बीएवढी. मिरची तोडून माझी बोटं चिरलेली, काचेला त्यांचा स्पर्श कळतच नाही, दोनदा दाबावं तेव्हा एकदा कळतं. उडी सांगितल्यावर करडू जरा थांबून मारतं, तोवर सरकता कठडा निघून जातो. काळ्या दगडावर काळं पाणी दाखवलंय, ते दिवसाच्या उजेडात दिसत नाही. आणि अडलं की मदत मागायची, तर आधी साबणाची जाहिरात बघावी लागते.

तरी मी चढत गेले. मुलगी माझ्याकडं सरकली. “आई, दगड तिकडं, तिकडं!” तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता. मग आला पाण्याचा मजला.

तिथं एक पाट आणि दोन दारं. एका दारातलं पाणी बंद करून दुसऱ्यात सोडायचं, म्हणजे करडू बसलेली फळी तरंगत वर येते. मी दुसरं दार उघडलं, मग पहिलं बंद करायला गेले. तेवढ्यात दोन्हीकडून पाणी आलं, करडू बुडालं. परत तेच. परत बुडालं.

“बाई, पहिले ते बंद करा, मंग दुसरं उघडा,” जाऊ म्हणाली.

“पाट फुटंन ना वं.”

“येथं नाही फुटत. खेळ हाय हा!”

मुलगी पोट धरून हसली. “आई, काकूनं एकाच झटक्यात केलं होतं!”

करेलच. तिनं ओलित कुठं केलंय? वाफ्याला पाणी देताना आम्ही पुढचं दार आधी फोडतो, मगच मागचं मातीनं बुजतो. आधी बुजलं तर पाणी तुंबून पाट फुटतो आणि मग घरादाराचं ऐकून घ्यावं लागतं. माझा हात तेच करणार. ज्यानं हा खेळ बनवला, त्याच्या बापजन्मात कोणी फावडं धरलेलं नाही, हा मी खेळाचा सगळ्यात मोठा दोष मानते. तेव्हा मात्र मी मोबाईल ठेवला आणि भाकरी टाकायला उठले. मागून आवाज आला, “काकू, तू कर.”

त्यानंतर आणखी एक दोष निघाला. खालचे मजले फुकट, वरचे विकत. दोनशे दहा रुपये. जावेनं कोणाला न विचारता मोबाईलवरूनच भरले. दुसऱ्या दिवशी फाटकाशी मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “माह्या काकूनं घेऊन देल्ला मले, इकत!”

ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. जावेचे पैसे फेडायला नवऱ्याकडं मागितले असते तर त्यानं दिले असते, पण मग ते त्याचे झाले असते. शेताच्या धुऱ्यावर मी लावलेला सांबार होता, म्हणजे कोथिंबीर, तो माझा. त्याच्या जुड्या बांधून बाजाराला नेल्या. मला ओरडता येत नाही. मान खाली घालून टोपल्यामागं बसले, शेजारची म्हातारी माझ्या वाटचंही ओरडली. आल्यावर जावेला शंभर दिले.

“हे कायचे?”

“खेळाचे.”

“अय बाई! पोरीले घेऊन देल्लं मी. माही कोणी नाही का ते?”

मी नोट तिच्या हातात कोंबली. तिनं ती मोबाईलच्या कव्हरात मागं सरकवली. आरपार दिसायची.

उरलेले पुढच्या बाजाराला जमले. घरी आले तर ओट्यावर कल्ला. शेवटचा मजला झाला होता. “आई, वर त्याची माय उभी होती! आम्ही दोघीनं केलं, काकूनं उड्या मारल्या, म्या चाक धरलं. तूच नव्हती!” जाऊ पाच चांदण्या दाबत होती. जो मजला मी बघायला हवा होता, तो मी सांबार विकत असताना झाला.

टोपलं उतरवलं, पाणी प्याले, आणि एकशे दहा रुपये जावेपुढं धरले.

“आता त संपला खेळ, बाई. आता कायले?”

“संपला तरी इकत घेतेल हाय ना? पोरीची माय मी हाओ.”

तिनं हात पुढं केला आणि पैसे घेतले.

मी मुलीला म्हणाले, “आता सांग मैत्रिणीले, खेळ कोणं घेतला ते.”

“आता संपल्यावर कायले सांगू?” ती म्हणाली. मग जरा थांबून मोबाईल ओढून घेतला आणि माझ्या मांडीला टेकून बसली. “पहिल्यापासून लावू का? पाण्याच्या मजल्यावर तू दार उघड. बुडू दे त्याले.”

जावेनं तिच्या हातून मोबाईल घेतला, कव्हर काढलं, एकशे दहा रुपये शंभराच्या नोटेवर ठेवले, कव्हर दाबून बसवलं आणि मोबाईल माझ्या हातात दिला. दोनशे दहा पूर्ण फिटले.